पिवळं पुस्तक तुमच्या नजरेला पडलं म्हणून

लॅबवाले दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईने मोबाईलमध्ये 'रक्तवाले दादा' म्हणून नंबर ठेवलाय, घरात तेच चालतं. दांडिया बाजारातले आमचे दोन अरुंद जिने तुम्ही दोन दिवसांत दोनदा चढलात. दुसऱ्यांदा तर कोणी बोलावलंही नव्हतं.

बाबा युगांडातल्या कंपाल्याहून आले गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. धाकट्या भावाच्या मुलाच्या बारशाला गेले होते, दोन महिने राहिले. ताप आला तो अनंत चतुर्दशीला. उत्तरपूजेची आरती चालू होती आणि त्यांच्या हातातली झांज थडथडायला लागली. थंडी वाजतेय म्हणाले. भाद्रपदात, बडोद्यात!

पुढे काय झालं असेल ते तुम्ही रोजच बघता. पावसाळा सरता सरता आमच्याकडे कुणालाही ताप आला की शेजारी, नातेवाईक, केमिस्ट सगळे एकच नाव घेतात : डेंग्यू. ज्या दवाखान्यात गेलो तिथेही तेच. प्लेटलेट्स कमी निघाल्यावर तर शंकाच उरली नाही. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, तरी 'टेस्ट चुकतेही' म्हणून पॅरासिटामॉल चालू राहिली आणि मावशीने पपईच्या पानांचा रस पाठवला. मलेरियातही प्लेटलेट्स उतरतात, हे मला तुमच्याकडून कळलं. बाबा कुठून आलेत हे तिथे कुणी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर आम्हीही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा प्लेटलेट्स बघायला रक्त घ्यायला आलात. दंडाला रबरी पट्टा बांधताना तुमची नजर टीव्हीशेजारी गेली. मखराचे थर्माकोलचे खांब अजून तिथेच पडले होते आणि त्यांच्यावर ते पिवळं पुस्तक, परदेशी जाताना घेतलेल्या लसीच्या नोंदीचं.

"काका, हे कुणाचं?"

बाबांना तापातही अभिमान. अहमदाबादला जाऊन लस घेतली, एकदा घेतली की जन्मभर चालते, सगळं सांगून टाकलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि शांतपणे म्हणालात, "ही फक्त पिवळ्या तापाची. मलेरियाला हिचा काही उपयोग नाही. गोळ्या घेत होतात?"

घेत होते की! डॉक्सीसायक्लिन, रोज एक, अगदी नियमाने. इथे उतरल्यावर बंद केली. पित्त होतं, आणि आता आपल्या घरी आलो, आता कशाला? तुम्ही हसला नाहीत. तिथे शेवटच्या दिवशी डास चावला असेल तरी जंतू आधी यकृतात दडून बसतो, रक्तात नंतर उतरतो, म्हणून परतल्यावरही चार आठवडे गोळी घ्यायची असते, एवढं सांगितलंत. मग आमच्या समोरच डॉक्टरांना फोन लावलात : पेशंट युगांडाहून आलाय, स्मिअर करू ना?

स्मिअरची, म्हणजे रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात ती, पहिली काच निगेटिव्ह आली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजेपर्यंत. दारात तुम्ही, हातात तीच निळी पेटी. एका निगेटिव्हवर सोडायचं नसतं म्हणालात. फाल्सिपेरम म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, त्याचे मोठे झालेले जंतू बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटातल्या थेंबात सापडतीलच असं नाही. दर बारा-चोवीस तासांनी पुन्हा बघायचं, निदान तीनदा.

आमचं दुसऱ्यांदाच भागलं. रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा तुम्ही मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलंत. आधी नुसता जांभळट-गुलाबी पसारा दिसला. मग तुम्ही स्क्रू किंचित फिरवला आणि एका पेशीत दोन नाजूक अंगठ्या दिसल्या, प्रत्येकीला खड्यासारखा ठिपका. एका अंगठीला तर दोन ठिपके होते. "हेडफोनसारखी दिसते ना? फाल्सिपेरम." दागिन्यासारखी सुंदर दिसत होती, हे तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही. यातूनच मेंदूचा मलेरिया होतो आणि उशीर झाला तर माणूस हातचा जातो, हे मी रात्री वाचलं. बरं झालं आधी वाचलं नाही.

बाबांना तासाभरात ॲडमिट केलं. मलेरियाच्या औषधाचे तीन दिवसांत सहा डोस, एका वेळी चार गोळ्या. पोटात स्निग्ध पदार्थ असले की ही गोळी अंगी लागते असं तिथल्या सिस्टरनी सांगितलं, तेव्हा आईने जन्मात पहिल्यांदा त्यांना भातावर पळीभर तूप न कुरकुरता वाढलं. कोलेस्टेरॉलवरून या घरात वीस वर्षं भांडण आहे, त्यात बाबा तीन दिवस जिंकले.

आता ते बरे आहेत. अशक्तपणा आहे, जिना चढताना मधल्या चौकात थांबतात. फेब्रुवारीत पुन्हा कंपाल्याला जायचं म्हणतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात परतीच्या तारखेपुढचे अठ्ठावीस दिवस त्यांनी आत्ताच लाल पेनाने रंगवून ठेवलेत. तिकीट अजून काढलेलं नाही.

आणि एक. बिलात एकाच काचेचे पैसे लावलेत तुम्ही, दोनदा आला होतात. मी काउंटरवर विचारलं तर 'एंट्री एकच आहे' म्हणाले. दुसरीचे पैसे आईने पाकिटात घालून देवघरात ठेवलेत. ते न्यायला या, पण सकाळी साडेसहाला नको. संध्याकाळी या, चहाला.

तुमच्या काकांची मुलगी
दांडिया बाजार, बडोदे