शपथ मोडते तेव्हा

पुणे, ९ ऑगस्ट

प्रिय मंदार,

बाल्डर्स गेट ३ हा गेम पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला योद्धा, घेऊन सुरू करतोयस, म्हणून हे आधीच लिहितो. त्या गेममध्ये शपथ मोडते ती हेतूने नाही, कृतीने. समोरचा त्या क्षणी गेमच्या लेखी शत्रू नसेल आणि पहिला वार तू केलास, की व्रतभंग! मग तो कितीही नीच असो. गॉब्लिन या लुटारू जमातीच्या छावणीत म्हणूनच घात होतो: आधी गोडीत बोलतात, तोवर ते शत्रू धरलेच जात नाहीत. तिथे बोलण्यातून भांडण पेटू दे, हत्यार त्यांना उपसू दे. पिंजऱ्यात अडकलेली लाएझेल ही तुझी साथीदार होऊ शकते; त्या पिंजऱ्याखालच्या दोन टीफलिंगांनाही (शिंगवाल्या जमातीच्या लोकांनाही) मारू नकोस. समजावून वाटेला लाव, मग पिंजरा पाड. प्रत्येक संभाषणाआधी एफ५ दाबून सेव्ह कर.

तरीही मोडलीच, तर तुझ्या मुक्कामाच्या छावणीत ओथब्रेकर नाइट, म्हणजे शपथ मोडलेला एक सरदार, येतो. त्याला १००० सोन्याची नाणी दिली की शपथ परत. मला हे मुळीच पटत नाही. प्रायश्चित्त म्हणजे काहीतरी करावं लागतं, सोसावं लागतं; इथे नुसती रक्कम मोजायची. नाणी द्यायची नसतील तर ओथब्रेकर होऊन राहता येतं, आणि ते कमकुवत नाही: सातव्या लेव्हलला ऑरा ऑफ हेट (भोवती पसरणारा प्रभाव) मिळतो, करिश्मा या गुणाचा बोनस हातघाईच्या शस्त्रांच्या डॅमेजमध्ये मिळवला जातो. पण तो ऑरा जवळच्या सैतानांना आणि चालत्या प्रेतांनाही बळ देतो, समोरच्या बाजूचे असले तरी. जपून.

पाथफाइंडर: किंगमेकर या गेममध्ये (२०१८) पॅलाडिन लॉफुल गुडच, म्हणजे नियम पाळणारा आणि सज्जनच, हवा. संभाषणात उत्तरं देता देता अलाइनमेंट, म्हणजे हा नैतिक कल, सरकली की त्या क्लासची पुढची लेव्हल अडते. म्हणून अटोनमेंटची, म्हणजे ती मूळ जागी आणणाऱ्या मंत्राची, एक स्क्रोल जवळ ठेवावी.

मला सगळ्यात खरं वाटतं ते पिलर्स ऑफ इटर्निटी या गेमचं (२०१५). तिथे शपथ एका फटक्यात तुटत नाही. पॅलाडिनांच्या प्रत्येक पंथाचे दोन स्वभाव आवडते, दोन नावडते. काइंड वेफेअरर्सना दया आणि उत्कटता हवी, क्रौर्य आणि कपट नको. तू जसा वागशील तसा फेथ अँड कन्व्हिक्शनचा बचाव वाढतो किंवा झिजतो. भरून काढायचा तर एकच मार्ग, पुन्हा तसं वागत राहणं. ब्लीक वॉकर्सचं मात्र उलटं: तिथे दयाच महाग पडते. माणूस असाच थोडा थोडा ढळतो आणि तसाच सावरतो, नाही का?

कोणती शपथ घेतोयस ते कळव. ओथ ऑफ व्हेंजन्स, म्हणजे सूडाची शपथ, असेल तर वेगळं लिहावं लागेल.

तुझा,
नितीन