ओटीपोटाचे दुखणे मनाचे खेळ नव्हेत

माझ्या थोरल्या जाऊबाई ४ वर्षे ओटीपोटाच्या दुखण्याने हैराण आहेत. सोनोग्राफी नॉर्मल आली की 'टेन्शन घेऊ नका' एवढे ऐकून घरी! रिपोर्ट स्वच्छ असला तरी मज्जातंतू वेदनेचे संदेश पाठवत राहू शकतात. औषधे, फिजिओथेरपी थकल्यावर निवडक रुग्णांत कमरेखालच्या त्रिकास्थी या हाडातील मज्जातंतूजवळ बारीक तार बसवून सौम्य विद्युतस्पंदने देतात. आधी काही दिवस चाचणी, गुण आला तरच कातडीखाली बॅटरी. अमेरिकेत १९९७ मध्ये या उपचाराला लघवीच्या तक्रारीसाठी मान्यता मिळाली. वेदनेसाठी पुरावा अजून तोकडा आहे, हेही रुग्णाला स्पष्ट सांगावे. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी निदान बाईचे दुखणे पूर्ण ऐकून घ्यावे, वेदनातज्ज्ञाकडे वेळेत पाठवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर