दिवाळीत येतोय, पण गिरवायची वही आणत नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, बाबा तुम्ही "बघू आल्यावर" म्हणून ठेवलात आणि मला दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय म्हणून सरळ लिहायलाच बसले. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग जे सांगायचं ते राहूनच जातं.

पिल्लू दिवाळीत तीन आठवडे तुमच्याकडे राहणार, त्याला तुमच्याशिवाय करमत नाही हे तुम्हाला माहितीये. फक्त एकच विनंती आहे, या वेळी त्याला गिरवायला बसवू नका. मे महिन्यात रोज सकाळी तुम्ही त्याचा हात हातात धरून अ काढून घ्यायचात, पाच-सहा अ झाले की तो "हात दुखतोय" म्हणायचा आणि तुम्ही म्हणायचात नाटकं करतो. बाबा, त्याचा हात खरंच दुखत होता हो. तो पेन्सिल अजून मुठीत धरतो, बोटांनी नाही, म्हणजे लिहिताना त्याचा सगळा खांदा हलतो, आणि इतकं दाबतो की कागद फाटतो. इथे आल्यावर महिनाभर त्याने खडूलासुद्धा हात लावला नाही, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

त्याच्या नर्सरीतूनही रोज एक पान लिहून आणायला सांगतात, म्हणून मी आमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मताना ती नुसती कूर्चा असते, म्हणजे मऊ, लवचिक, मग एकेक करून हाड बनत जातं, आणि शेवटचं तर एक्स-रेत साधारण 9 ते 12 वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतं. आता सगळी हाडं तयार होईपर्यंत लिहायचंच नाही असं काही नसतं, पण चार वर्षांचा हात म्हणजे आपल्या हाताची छोटी कॉपी नाही एवढं तरी त्यावरून कळतं. आधी खांद्यात जोर येतो, मग कोपर, मनगट, आणि बोटं सगळ्यात शेवटी. हातानं काढायचे आकारही असेच क्रमाने येतात. दोन-अडीच वर्षांचं मूल बघून बघून उभी रेघ ओढतं, तीनच्या आसपास गोल, चारला अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण पाचच्या पुढे. आपला पावणेचारचा आहे, गोल काढतो, अधिक अजून नीट जमत नाही.

आणि आपण त्याला काय देतो तर अ! आई, तू तर पस्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंस, तूच सांग, अ ची ती दोन पोटं, मधली आडवी रेघ, मग काना, वर शिरोरेघ, किती अवघड अक्षर आहे ते. अ आ इ ई हा क्रम बोलायचा आहे, तोंडातून आवाज कसा निघतो त्याचा, हाताचा नाही. म्हणून तर शाळेत ग म भ न पासून सुरू करायचे ना, वळणं सारखी असतात म्हणून? तू मला तसंच शिकवलंस असं तूच सांगतेस. मग नातवाच्या वेळी एवढी घाई का झाली? शेजारचा मुलगा नाव लिहितो म्हणून असेल तर सोड ते, तो सव्वापाचचा आहे.

बाबा, तुम्ही म्हणता की मी चार वर्षांची असताना पाहुण्यांसमोर पूर्ण नाव लिहून दाखवायचे. खरंय. पण मला त्यातलं आठवतं ते मधल्या बोटावरचा घट्टा, आणि निबंध म्हटलं की पोटात येणारा गोळा, तो दहावीपर्यंत होता. तुमची चूक म्हणून नाही सांगत, तेव्हा सगळ्याच घरात तसं होतं आणि तुम्ही ऑफिसातून दमून येऊन माझ्यासाठी बसायचात ते मी विसरलेले नाही. पण त्याच्या पोटात तो गोळा नको.

पहिलीला सहा पूर्ण लागतात. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षं हा एकच टप्पा धरलाय, खेळातून शिकायचा. आणि हे काही नवीन फॅड नाहीये, आपल्याकडेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, खडे, बिया, पानं हीच मुलांची साधनं होती. फिनलंडमध्ये तर शाळाच सातव्या वर्षी सुरू होते.

मग तीन आठवडे करायचं काय, तर तुमच्या घरात जे चालतं तेच. आई, चकलीची कणीक मळताना एक गोळा त्याला दे. लसूण, मटार, शेंगा सोलू दे, वेळ लागला तर लागू दे, त्याच चिमटीनं पुढे पेन्सिल धरायची आहे. कपडे वाळत घालताना चिमटे त्याला लावू दे. बाबा, तुम्ही त्याला अंगणात ओल्या फडक्यानं भिंत "रंगवू" द्या, वरपासून खालपर्यंत, खांद्याला ह्याहून चांगला व्यायाम नाही. ताटात तांदळाचं पीठ पसरून बोटानं रेघा ओढू द्या, तुमच्या आजोबांची धूळपाटी होती ना, तशीच. आणि गोष्टी तर हव्यातच, पुस्तकावर बोट फिरवत वाचून दाखवा. "हे माझं नाव कुठंय" असं त्यानं स्वतः विचारलं तर जरूर लिहून दाखवा, त्याला काढावंसं वाटलं तर काढू दे, उलटं आलं तरी पुसू नका.

अजून एक, आई. तो कधी डाव्या हातात खडू घेतो कधी उजव्या, त्याचं अजून ठरलेलं नाही. जेवायला उजवा शिकव, हरकत नाही, पण खडूचा हात बदलू नकोस.

आणि सहाव्या वर्षापर्यंतही त्याला काही अडलं, बटणं लावता येईनात किंवा पेन्सिल धरताच येईना, तर मी स्वतः त्याला दाखवायला घेऊन जाईन, डोळे मिटून बसणार नाही.

दसऱ्याला पाटीपूजन केलं तेव्हा त्यानं तुम्ही दिलेल्या पाटीवर नुसते गोल काढले, एक मोठा, दोन छोटे, आणि म्हणाला हे आजोबा, ही आजी, हा मी. पाटी पुसली नाहीये अजून, वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर आणतोय. शनिवारी कोयनेनं येतोय, संध्याकाळी स्टेशनवर या.

तुमची,
ताई