दादा घरी येऊ द्या, पण वहिनीचा कारभार तिच्याकडेच असू द्या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादा दसऱ्याच्या आगेमागे जेलातून सुटणार, हे फोनवर कळलं. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण स्पीकर चालू होता आणि वहिनी तिथंच भाकरी थापत होती. म्हणून लिहिते. बाबा, आईला वाचून दाखवा. वहिनीच्या हातात पडलं तरी हरकत नाही.

मामा म्हणतो, पोराला वर्षभर पुण्याकडे कंपनीत लावून देऊ, गावाची तोंडं बंद होतील. मला हे पटत नाही. कंपनीत चारित्र्याचा दाखला मागतात, तो पोलिसांकडून येतो, आणि त्यात काय येईल ते आपल्याला ठाऊक आहे. मग ठेकेदाराकडची हजेरी, चौघांत एक खोली, अन् संध्याकाळी रिकामा वेळ. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पलीकडच्यांशी भांडण झालं त्या दिवशी तो पिऊन होता. कोर्टात काय झालं ते झालं, घरात तरी आपण हे झाकून ठेवू नये. तिकडं त्याला हटकणारं कोण आहे? इथं पराटी फुटेल, कापूस वेचायला माणूस मिळत नाही, मोर्शीच्या खुल्या कारागृहात तो शेतीतच राबतो आहे. त्यानं घरीच यावं.

बाबा, तुम्ही त्याच्या फर्लोच्या, म्हणजे जेलातून मिळणाऱ्या रजेच्या, कागदावर सही केली होती, आठवतं? १९५९ च्या नियमांतच आहे, की कैद्याला ठेवून घ्यायला आणि जामीन राहायला घरचं कुणी तयार असल्याशिवाय ती रजा मिळत नाही. चार दिवसांच्या रजेसाठी सरकार घरच्यांना विचारतं. कायमचा सोडताना मात्र कुणालाच विचारत नाही. तेव्हा आपणच एकमेकांना विचारून घेऊ, आणि पहिल्यांदा वहिनीला विचारू. तुम्ही दोघांनी तिला अजून विचारलेलं नाही, हे मला माहीत आहे.

फोनवर बाबा म्हणाले, "पोरगा येऊन राह्यला, आता मी मोकळा झालो." म्हणजे बँकेचं पासबुक, खतांचा हिशेब, मजुरांचे पैसे, सगळं त्याच्या हाती द्यायचं मनात आहे. बाबा, ते तुमच्याकडे होतं तरी केव्हा? तुमचे गुडघे गेले, आईला साखर निघाली, तेव्हापासून वावर वहिनीनंच ओढलं. सोयाबीन पडलं त्या साली बियाण्याला बचतगटातून पैसे तिनं उचलले आणि फेडलेही. कापूस ओला म्हणून व्यापाऱ्यानं भाव पाडला, तर गाडी तशीच उभी ठेवून भांडायला ती शिकली. लेकीला शाळेत कुणी काही बोललं की पदर खोचून तीच जायची. अमरावतीच्या जेलात मुलाखतीला, पुढं बस बदलून मोर्शीला, महिन्याची मनीऑर्डर, वकिलाकडे खेटे. करोनात मुलाखती बंद होत्या तेव्हा रात्र रात्र जागायची, आई सांगायचीस मला. लोक म्हणतात, घरच्यांचा आधार होता म्हणून पोरगा आत खचला नाही. घरचे म्हणजे कोण, ते तर सांगा!

तो घरात आला की त्याला घरधनी म्हणून पाटावर बसवायचं आणि तिनं पुन्हा चुलीकडे सरकायचं, असं झालं तर ती काही बोलणार नाही. तुम्हाला वाटेल सगळं सुरळीत झालं. पण त्यात त्याचंही भलं नाही. इतकी वर्षं उठण्याबसण्याची वेळ दुसऱ्यानं ठरवली, त्या माणसाच्या डोक्यावर पहिल्याच हंगामात कर्जाचं ओझं टाकू नका. वखरणीला जुंपायच्या आधी गोऱ्ह्यालासुद्धा आपण खांद्याची सवय करतो. एक-दोन हंगाम त्यानं वहिनीच्या हाताखाली काम करावं. रोजची मजुरी त्याच्या हाती द्या, मागून घ्यायची वेळ आणू नका. जेलातही कामाचा मोबदला मिळतोच.

सातबाऱ्याचं पण सांगते. घाईनं वावर त्याच्या एकट्याच्या नावावर करू नका. करायचंच असेल तर दोघांच्या नावानं करा. बाबा, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून लक्ष्मी मुक्तीसाठी गावोगाव फिरलात तुम्ही. १९८६ साली चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला आईला घेऊन गेलात. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागलं पाहिजे, हे दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून सांगायचात. आता आपल्या ओसरीवर सुनेसाठी सांगा.

पलीकडच्या घराबद्दल लिहिताना हात अडखळतो. त्या भांडणात त्यांचा माणूस गेला, तो काही सुटून येणार नाही. म्हणून दादाला आणायला गाड्या नकोत, गुलाल नको, पोरांनी डीजे म्हटलं तर सरळ हाकलून लावा. सरपंचाला मध्ये घालून माफीचा कार्यक्रमही नको. त्या बाईला ऐकायचं असेल तेव्हा ती ऐकेल, नसेल तर नाही. धुरा मात्र दादा यायच्या आत मोजून घ्या. तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका आणि सरकारी खुणा जिथं पडतील तिथं गप राहा. वावराच्या चार ओळी आपल्याकडून गेल्या तरी जाऊ द्या.

कागदांचं मी पाहते. रेशनकार्डात त्याचं नाव राहिलंय का, आधार अद्ययावत आहे का, केवायसीवाचून बँकेचं खातं बंद पडलंय का. मतदार यादीही पाहू. आत असताना मत देता येत नाही, सुटल्यावर येतं, त्याला वाटतं हक्क कायमचा गेला. अमरावतीला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात, सुटलेल्यांच्या मदतीचं तिथं विचारायचं. सोबत वहिनी येईल. तिला ऑफिसातलं बोलणं माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

पोरीचं तेवढं सांभाळा. जेलात मुलांना बापाला भेटू देतात त्या गळाभेटीच्या कार्यक्रमात ती बापाच्या मांडीवर बसली होती, पण ते लहानपणी. आता तिला लाज कळते. बाबा म्हणून हाक मारायला घरातून जबरदस्ती करू नका. दादालाही मी हे वेगळं लिहिणार आहे.

आई, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही. मी रविवारी येते. त्याच्या आत वहिनीशी बोलून घ्या, आणि ती नाही म्हणाली तरी तिचं पूर्ण ऐका.

तुमची,
ताई