अंतर रस्त्याने मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात नवीन दवाखाना कुठे हवा यावर रहिवाशांची एक बैठक झाली. भिंतीवर नकाशा लावलेला, आत्ता आहेत त्या प्रत्येक दवाखान्याभोवती एक किलोमीटरचा गोल, आणि गोलाच्या आत जे आलं ते सगळं हिरवं. आमची सोसायटी पण हिरव्यात, म्हणजे तुमची सोय झालेली आहे, आता पुढच्यांचं बघू, असं म्हणून विषय संपला. मी हात वर केला होता पण वेळ नव्हता म्हणाले, म्हणून इथे लिहितेय.

मी नऊ वर्षं जीआयएसचंच, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचंच काम करते, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात, डिलिव्हरीच्या गाड्यांचे रूट लावायचं. तो गोल बघून मला गप्प बसवेना.

आधी घरचं सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ड्रायव्हरला लोकेशन पाठवलं, फोनवर गाडी जवळ येताना दिसत होती आणि मग ती अगदी बिल्डिंगला चिकटून थांबली. खाली बघतो तर कोणीच नाही. ड्रायव्हर म्हणतोय मी पोचलोय, नवरा म्हणतोय अहो मी गेटवरच उभा आहे. शेवटी वॉचमनकाका टॉर्च घेऊन मागे गेले तेव्हा कळलं की गाडी मागच्या नाल्याच्या गल्लीत उभी आहे आणि मध्ये आमच्या कंपाउंडची आठ फुटी भिंत. तिथून ती मागे घेऊन, फिरून, सर्व्हिस रोडला लागून, पुढचा यू-टर्न मारून गेटवर यायला अकरा मिनिटं गेली. बाबा आता बरे आहेत. पण भिंतीपलीकडे फिरणारा तो दिवा आणि इकडे स्ट्रेचरची वाट बघत बसलेले आम्ही, हे मी विसरू शकत नाही.

ड्रायव्हरची चूक नव्हतीच. आम्ही पाठवलेला ठिपका बिल्डिंगच्या मधोमध पडला होता आणि कॉम्प्युटर असा ठिपका घेतला की जवळात जवळ जी रस्त्याची रेघ असेल तिला नेऊन चिकटवतो. मागची गल्ली जवळ होती, पुढचा सर्व्हिस रोड लांब. मधली भिंत कॉम्प्युटरला कोणी सांगितलेलीच नाही. ठिपका गेटवर ठेवला असता तर गाडी सरळ गेटवर आली असती, एवढ्याशा गोष्टीचे अकरा मिनिटं!

आता गोलाचं. एक किलोमीटरचा गोल म्हणजे ३.१४ चौरस किलोमीटर. पण माणूस काही कावळा नाही, तो रस्त्याने जातो. समजा एखाद्या गावात सगळे रस्ते पाटीवरच्या चौकटींसारखे सरळ आणि काटकोनात आहेत, कुठे नाला नाही, डिव्हायडर नाही, तरीसुद्धा रस्त्याने एक किलोमीटरमध्ये पोचता येईल असा भाग काढला तर गोल येतच नाही, शंकरपाळ्याचा आकार येतो आणि तो भरतो फक्त २ चौरस किलोमीटर. म्हणजे सगळ्यात आदर्श गावातसुद्धा एक तृतीयांशाहून जास्त हिरवा रंग खोटा. आणि आपलं ठाणं आदर्श आहे का? कोपरी आणि नौपाड्याच्या मध्ये रेल्वे, कळव्याला जायचं तर खाडी, येऊरच्या पायथ्याला गोल काढला तर निम्मा गोल डोंगरावर चढून बसतो. आमच्याकडे तर हायवेच आडवा. समोरचा दवाखाना गॅलरीतून दिसतो, पण मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कुठल्या तरी फ्लायओव्हरखाली जाऊन वळल्याशिवाय गाडी पलीकडे जात नाही, आणि मेट्रोच्या कामाने डिव्हायडरमधला कुठला कट चालू आणि कुठला बंद हे तिथल्या रिक्षावाल्यालाच माहीत.

हे बरोबर मोजायची रीत काही नवीन नाही. डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाने कमीत कमी अंतराचा रस्ता शोधायची पद्धत १९५९ मध्ये छापली, आजही बहुतेक नकाशे तिच्याच कुठल्या ना कुठल्या सुधारलेल्या रूपावर चालतात. दवाखान्याच्या दारात पाणी सोडलं आणि ते फक्त रस्त्यांतूनच पसरत गेलं असं डोळ्यासमोर आणा, पाच मिनिटांनी जिथवर ओलं झालं तो त्या दवाखान्याचा खरा भाग, याला आम्ही सर्व्हिस एरिया म्हणतो. वन-वे असेल तिथे पाणी एकाच बाजूने जाणार, सिग्नलला उजवीकडे वळायचं असेल तर थोडं थांबून जाणार. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सर्व्हिस एरियाचं टूल तयारच मिळतं, रस्त्यांचा डेटा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या नकाशावर फुकट आहे, म्हणजे खर्चाचं कारण सांगता येणार नाही.

फक्त डेटा डोळे मिटून घ्यायचा नाही. माजिवड्याला एकावर एक फ्लायओव्हर आहेत, नकाशावर त्यांच्या रेघा एकमेकींना कापतात, तिथे कोणी चुकून जोड टाकला तर कॉम्प्युटरला तो साधा चौक वाटतो आणि तो गाडी फ्लायओव्हरवरून थेट खालच्या रस्त्यावर उतरवतो. मी स्वतः शिकाऊ असताना असा रूट काढलेला, साहेबांनी प्रिंट समोर ठेवून विचारलं की गाडीला पंख लावायचे का. तेव्हापासून प्रत्येक जोड झूम करून बघते, आणि शंका असेल तिथे बाईक काढून जाऊन बघते.

आणि वेळ! याबद्दल तर बैठकीत कोणी ब्र काढला नाही. तासाला ३० किलोमीटरने गाडी चालली तर पाच मिनिटांत अडीच किलोमीटर जाते, १० च्या स्पीडने चालली तर जेमतेम ८३० मीटर. अंतर तिसऱ्या हिश्श्यावर आलं की भाग नवव्या हिश्श्यावर येतो. सकाळी ऑफिसच्या वेळेला घोडबंदर रोडला १० चा स्पीड मिळाला तरी नशीब, मग रात्री दोनचा हिरवा रंग सकाळी नऊला कसा चालेल? न्हावाशेवा बंदराकडून गुजरातला जाणारे ट्रेलर जेव्हा सोडतात तेव्हाचं चित्र अजून वेगळं. नकाशे निदान तीन हवेत, सकाळचा, दुपारचा, रात्रीचा.

माझं म्हणणं असं की दवाखाना, फायर स्टेशन, अ‍ॅम्ब्युलन्सचा थांबा, जे काही ठरवायचं असेल ते गोलावर ठरवू नका. रस्त्याने आणि मिनिटांत मोजलेला नकाशा आधी लोकांसमोर ठेवा, कुठला कट बंद धरलाय, कुठला स्पीड धरलाय ते त्यावर लिहा म्हणजे आम्हालाही चूक दाखवता येईल. जागेचा निर्णय एकदा झाला की पुढची तीस-चाळीस वर्षं ती इमारत हलत नाही.

गेटचं काम मात्र कोणासाठी थांबायची गरज नाही. आमच्या सोसायटीचं गेट मी ओपनस्ट्रीटमॅपवर टाकलंय आणि मागची भिंतसुद्धा. आता घरातून कोणालाही लोकेशन पाठवायचं तर आम्ही गेटचंच पाठवतो, बाबांच्या फोनमध्ये पण तेच सेव्ह करून दिलंय. शेजारच्या तीन सोसायट्यांची गेटं येत्या रविवारी टाकणार आहे, वॉचमनकाका बरोबर येतो म्हणालेत, रात्री कुठलं गेट बंद असतं ते त्यांना पाठ आहे.

आपली,
एक वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)