आई, नाचाच्या क्लासबद्दल एकदाच सविस्तर

प्रिय आई, बाबा आणि आजी,

फोनवर तुम्ही तिघं एकदम बोलता आणि मग माझं काहीच धड सांगून होत नाही, म्हणून हे लिहितेय. बाबा, आजीला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्या. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, थर्मल घालते, डी व्हिटॅमिनची गोळी घेते (इथे सगळेच घेतात, मी आजारी नाहीये). इथे फिनलंडमध्ये दुपारी साडेतीनलाच अंधार पडायला लागतो हे खरंय, पण त्याची पण सवय झालीये, जवळजवळ.

आता क्लासचं. आई, तू मावशीला काय सांगितलंस ते माझ्यापर्यंत पोचलंय. परक्या पुरुषांबरोबर नाचते म्हणे! अगं, आमच्या एस्पो शहराच्या महापालिकेचा टँगोचा, म्हणजे जोडीने नाचायचा, क्लास आहे, शाळेच्या जिममध्ये, भक्क ट्यूबलाइटमध्ये, बाहेरचे बूट दारात काढून. निम्मी मंडळी बाबांच्या वयाची. एक रिटायर्ड बस ड्रायव्हर काका आहेत, त्यांच्याबरोबर पाऊल सगळ्यात छान पडतं आणि ते अख्ख्या संध्याकाळी मोजून चार शब्द बोलत असतील.

आणि हो, जोड्या बदलतात. दर काही मिनिटांनी बाई टाळी वाजवतात की पुरुषांनी एक जागा पुढे सरकायचं. त्यात वावगं काही नाही, उलट तेच कामाचं आहे. एकाच माणसाबरोबर शिकलं की तो आपल्या चुका सांभाळून घेतो, आपण त्याच्या घेतो, आणि दोघांना वाटतं आपल्याला आलं. नवा माणूस समोर आला की लगेच कळतं पाऊल आलंय की नुसतं पाठ झालंय.

पण खरी गंमत उन्हाळ्यात. इथे तळ्याकाठी, रानात लाकडी नाचघरं असतात, त्यांना लावा म्हणतात. टँगो मूळचा अर्जेंटिनाचा, पण शंभरेक वर्षांपूर्वी इकडे आला आणि यांचाच होऊन बसला, सैनायोकी नावाच्या गावात तर 1985 पासून जुलैत त्याची मोठी जत्रा भरते. तर लावावर काय होतं, नीट ऐक. बायका एका बाजूला उभ्या, पुरुष दुसऱ्या. तो येतो, विचारतो, आणि मग दोन गाणी नाचायचं. एक नाही, तीन नाही, दोनच. दोन झाली की तो तुला जिथून नेलं बरोब्बर तिथेच आणून सोडतो, कीतोस म्हणजे थँक्यू म्हणतो आणि चालू पडतो. नाव नाही, नंबर नाही, कुठली तू वगैरे काही नाही. नको असेल तर नाही म्हणता येतं, पण मग ती दोन गाणी दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही, बसून काढायची. शिवाय मधेच बायकांची पाळी लागते, तेव्हा आपण जाऊन विचारायचं. बसस्टॉपवर दोन हात लांब उभी राहणारी ही माणसं, लिफ्टमध्ये पण बोलत नाहीत, आणि तिथे अगदी जवळ धरून डोळे मिटून नाचतात! मला अजून पूर्ण कळलेलं नाही, पण भीती वाटावी असं काही नाही एवढं नक्की.

ऋतुजाच्या लग्नातल्या संगीतसाठी तुमचा पण क्लास सुरू झालाय ना, काकूने व्हिडिओ पाठवला. आई, तू मागे कोपऱ्यात का उभी राहतेस? सगळे वळले की तीच पहिली रांग होते आणि मग बघायला पुढे कुणीच नाही. मधे उभी राहा, सरांचे पाय दिसतील अशी. आधी फक्त पाय बसव, हात नंतर, चेहरा सगळ्यात शेवटी. मी पथकात होते तेव्हा नदीपात्रात सरावाला हेच शिकवायचे, कान ताशाकडे ठेवायचा, शेजारच्याच्या टिपरूकडे बघितलं की हमखास चुकतं. तेच इथे. काकूकडे बघू नकोस, आणि तिला शिकवायला तर मुळीच जाऊ नकोस, काय चुकतंय ते सर सांगतील. त्याच रात्री ओट्यापाशी दहा मिनिटं करून बघ, दुसऱ्या दिवशीवर टाकलंस की अर्धं गेलं. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज गिरकीला नकोत, पाय जागेवर चिकटतो आणि गुडघा पिरगळतो. बाबा, तुम्ही ती उडी सरांना सांगून सरळ काढून टाका, लाजायचं काय त्यात.

माझी जागा ठेवली होती तुम्ही दुसऱ्या रांगेत, तिथे आत्याला घ्या. इथे राहायच्या परमिटचं रिन्यूअल अडकलंय, नवीन कार्ड हातात आल्याशिवाय देशाबाहेर पडले तर परत येताना लफडं होऊ शकतं. मुद्दाम टाळत नाहीये. काकूला मी स्वतः फोन करणार आहे, तोवर तू काही बोलू नकोस. ऋतुजाच्या हळदीला मी नसणार हे मला काय बरं वाटतंय का?

बाबा, 35 हजार टाकलेत, गरज नव्हती म्हणू नका. रिडेव्हलपमेंटचं भाडं बिल्डर देणार हे माहितीये, पण डिपॉझिट आणि टेम्पो आधी आपल्याच खिशातून जाणार ना. माळ्यावरची भांडी आजीला विचारल्याशिवाय देऊन टाकू नका. माझी पुस्तकं दिली तरी चालतील, सगळी नाही.

आणि ते बाणेरचं स्थळ. ठीक आहे, रविवारी तुमच्या संध्याकाळी सहाला बोलते, माझे अडीच वाजलेले असतील. फक्त बोलते म्हणाले, हो म्हणाले नाही. तू मागून सूचना द्यायच्या नाहीत. आणि क्लासचं त्यांना आधीच सांगून टाका.

आजीला नमस्कार, तिचे डोळ्याचे ड्रॉप्स चुकवू नका.

तुमची,
मुग्धा

ता. क. क्लासची फी मे महिन्यापर्यंतची भरून झालीये, त्यामुळे आई, सोड म्हणून उपयोग नाही.