झाडांचा आकडा छापतो, नकाशा कधी छापणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृक्षलागवडीचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, तशा यंदाही आपल्या दैनिकात वाचल्या. मी भूकरमापक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. जुने टिपण उघडल्याशिवाय मोजणीला हात लावायचा नाही, ही आमची सवय. लागवडीच्या कामात मात्र असे टिपण कोणी ठेवताना दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी शहराजवळच्या एका टेकडीवर एका संस्थेबरोबर रोपे लावायला गेलो असता, पहारीने खड्डा घेताना आतून रोपवाटिकेची काळी पिशवी निघाली. आधी कधीतरी त्याच जागी लावलेले रोप पिशवीसकट मरून गेले होते आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

याउलट, बेटांवरील राखीव क्षेत्रांत नकाशावरून काम कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ तिरितिरी मातांगी हे सुमारे २२० हेक्टरचे बेट शेती-चराईने उघडे पडले होते. तेथे १९८४ ते १९९४ या काळात मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातून अडीच ते तीन लाख झाडे लावली गेली. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की बेटाचा सुमारे चाळीस टक्के भाग मुद्दाम गवताळ ठेवला, कारण ताकाहेसारख्या पक्ष्याला गवताळ रान लागते. कुठे लावायचे नाही, हेही नकाशाच सांगतो. आपल्याकडे राधानगरी परिसरातील सड्यांना, म्हणजे कातळी पठारांना, ‘ओसाड’ समजून तेथे खड्डे काढण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात त्या कातळावर जे उगवते, ते झाडांच्या सावलीत टिकत नाही.

दुसरे उदाहरण अटलांटिकच्या दक्षिण टोकाकडील साउथ जॉर्जियाचे. जहाजांतून आलेले उंदीर तेथे दोनशेहून अधिक वर्षे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिले फस्त करत होते. सुमारे १६५ किलोमीटर लांबीचे हे बेट एका दमात साफ करणे अशक्य होते. मात्र समुद्रापर्यंत उतरणाऱ्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नाहीत, म्हणून त्यांनाच हद्द धरून बेटाचे भाग पाडले आणि २०११, २०१३ व २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकले. उड्डाणाची प्रत्येक रेघ जीपीएसने नोंदली जात असल्यामुळे कोठे पट्टा सुटला हे नकाशावर दिसे. एखादी गाभण मादी वाचली तरी सारे मुसळ केरात! २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. हिमनद्या मागे हटत असल्याने या हद्दीही पुसल्या जाणार होत्या, त्यामुळे घाई करावी लागली. नैसर्गिक हद्द पाहून फाळणी करण्याचे इतके चोख काम मला तरी दुसरे ठाऊक नाही.

राधानगरी हे बेट नव्हे, हे मान्य. पंचगंगेतले केंदाळ एका घाटावर काढले तरी वरून पुन्हा वाहत येते. बेटाला असते ते पाण्याचे कुंपण आपल्याला नाही. म्हणूनच सुरुवात लहान, चारी बाजूंनी ओळखता येणाऱ्या एखाद्या सड्यापासून किंवा टेकडीपासून करावी. तिचे पन्नास-पन्नास मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात आज काय आहे, कोणत्या वर्षी काय लावले, घाणेरी-रानमोडीसारखी परकी झुडपे कधी काढली आणि वणवा कुठपर्यंत आला, याचे वेगवेगळे थर एकाच नकाशावर चढवावेत. त्यासाठी क्यूजीआयएस ही नकाशे तयार करण्याची मोफत संगणकप्रणाली आणि इस्रोचे ‘भुवन’ हे उपग्रहचित्रांचे संकेतस्थळ उपलब्ध आहे. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक येते, दाट झाडीत तर जास्तच. तेव्हा चौकोनांचे कोपरे एकदा ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणीच्या मशीनने मोजून तेथे दगड रोवावेत. हा नकाशा साहेबांच्या कपाटात न राहता वनरक्षकाच्या हाती असावा, आणि त्याची बदली झाली की पदभाराच्या यादीत नकाशाची नोंद घ्यावी.

पुढील पावसाळ्यात लागवडीची बातमी देताना आपल्या वार्ताहराने गेल्या वर्षीच्या खड्ड्यांचा नकाशा मागून घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक, कोल्हापूर